शब्द बरोबर होता, पण तक्रारीला पुरणार नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. राहते भांडुपला, नोकरी चकाल्याला. आमच्याच मजल्यावर दुसऱ्या टीममध्ये एक मुलगा आहे. सुरुवातीला चहाच्या वेळी बोलायचो, एकदा पावसात रिक्षाही शेअर केली. मग रोज रात्री ‘पोहोचलीस का’, ‘जेवलीस का’ सुरू झालं. उत्तर दिलं नाही की ‘रागावलीस?’. एकदा रात्री दीड वाजता माझ्या कॉलेजच्या जुन्या फोटोंना ओळीने लाइक्स. तो राहतो गोरेगावला, पण गेल्या महिन्यात तीनदा संध्याकाळी घाटकोपर स्टेशनवर माझ्या मागे उभा होता. कँटीनमध्ये दोन मैत्रिणींना मी ‘फार क्रीपी वाटतो’, म्हणजे बघून अंगावर काटा येतो, असं म्हणाले. ते फिरत फिरत त्याच्या कानावर गेलं. आता अर्धा मजला म्हणतो, बिचारा साधा आहे, मुलींशी बोलता येत नाही त्याला, उगाच बदनाम केलंस. एक जण तोंडावर म्हणाला, ‘दिसायला बरा असता तर चाललं असतं.’ तो स्वतः सांगत फिरतोय की माझा हेतू लग्नाचा आहे, आईला घेऊन तिच्या घरी जाणार होतो. मी त्याला सरळ ‘नाही’ कधीच म्हटलेलं नाही. माझं चुकलं का? आणि आता काय करू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : घाटकोपरपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे आणि तुम्ही ती मधेच कुठेतरी टाकून दिली आहे. चकाल्याहून गोरेगावला जाणारा माणूस मेट्रोने अंधेरीला जातो आणि तिथून लोकल धरतो. घाटकोपर बरोबर उलट्या टोकाला. एखाद्या दिवशी तिकडे काम निघेल, मावशी राहत असेल. पण महिन्यात तीनदा, तुमच्या सुटायच्या वेळेला, तुमच्याच फलाटावर, तुमच्या पाठीमागे? लाजाळूपणापायी कुणी उलट्या दिशेची गाडी धरत नाही. लाइक्स, ‘जेवलीस का’, ‘रागावलीस’ हे एकेकटं घेतलं तर त्यावर वाद घालता येईल. फलाटावर नाही.

दोन मैत्रिणींपाशी बोललात यात तुमचं काहीही चुकलेलं नाही. मनात काहीतरी खटकतंय आणि ते नेमकं काय हे सांगता येत नाही, अशा वेळी माणूस जवळच्याच माणसाशी बोलतो. ‘क्रीपी’ हा शब्द त्या अवस्थेचाच आहे. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोएन्के यांनी २०१६ मध्ये या भावनेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १,३४१ जणांना विचारून त्यांनी असं मांडलं की धोका उघड दिसतो तेव्हा नव्हे, तर धोका आहे की नाही हेच कळत नाही तेव्हा माणूस क्रीपी वाटतो. चाकू घेऊन आलेल्याला कुणी क्रीपी म्हणत बसत नाही, पळ काढतात. तेव्हा तुमच्या अंगावर आलेला काटा खोटा नाही. तो पुरावा नसतो, एवढंच.

पण तुमच्या त्या तोंडावर बोलणाऱ्या सहकाऱ्याच्या टोमण्यातही अर्धं खरं आहे, ते कबूल करायला हवं. त्याच अभ्यासात लोकांनी क्रीपी माणसाच्या खुणा म्हणून तेलकट केस, विचित्र हसू, मळके कपडे हेही सांगितलं. यातल्या कशालाच गुन्हा म्हणता येत नाही. मुंबईत तर हे रोज दिसतं. सोसायटीच्या वॉचमनने दोनदा पाहिलं की तो क्रीपी, आणि साहेबांनी पार्टीत खांद्यावर हात ठेवला की ते ‘मोकळे स्वभावाचे’. तोतरं बोलणारा, नजर न मिळवणारा, इंग्रजीत अडखळणारा, गप्प एकटा जेवणारा यांच्यावर हा शिक्का फार लवकर बसतो आणि बसला की पुसला जात नाही. म्हणून या शब्दावरच्या वादात आम्ही ना ‘बाईला वाटलं म्हणजे संपलं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचे, ना ‘हल्ली बोलायचीही चोरी’ म्हणणाऱ्यांच्या. हा शब्द स्वतःला सावध करायला वापरा, मैत्रिणीला सांगायला वापरा. चारचौघांत आणि कागदावर मात्र माणसाचं वर्णन करू नका, त्याने काय केलं ते सांगा. ‘तो क्रीपी आहे’ यावर अर्धा मजला मत देऊ शकतो. ‘तो गोरेगावला राहतो आणि तीन संध्याकाळी घाटकोपरला माझ्या मागे उभा होता’ यावर मत देण्यासारखं काही उरत नाही.

आता ‘बिचारा साधा आहे’. हे पडताळता येतं. ज्याला खरंच इशारे कळत नाहीत, त्याला ते कुणाचेच कळत नाहीत. तो मॅनेजरलाही रात्री दीडला मेसेज करतो, मीटिंगमध्येही नको तिथे बोलतो, आणि त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं की थांबतो. बऱ्याचदा त्याला हायसंच वाटतं, कारण एकदाचं कळलेलं असतं. याउलट जो साहेबांशी, क्लायंटशी, इतर मुलींच्या नवऱ्यांसमोर अगदी व्यवस्थित वागतो आणि फक्त तुम्ही एकट्या असताना साधा होतो, त्याला सगळं कळतं. तुमचा हा कुठल्या जातकुळीचा, ते पत्रावरून सांगता येत नाही. सांगायची गरजही नाही, कारण खाली दिलेला मेसेज गेला की तो स्वतःच दाखवून देईल.

‘हेतू लग्नाचा आहे’ हे आपल्याकडचं हमखास पांघरूण. लग्नाचं विचारायचं असेल तर विचारावं, त्यात गैर काही नाही. एकदा विचारायचं, आणि होकार आला नाही की विषय संपवायचा. विचारायच्या आधीच महिनाभर मागे फिरायचं आणि पकडलं गेल्यावर आईला पुढे करायचं, याला स्थळ आणणं म्हणत नाहीत. घरी आजच सांगून ठेवा की असं कुणी फोन करून किंवा येऊन विचारलं तर चहा-पोह्यांपर्यंत जायचं नाही, ‘मुलीची इच्छा नाही’ एवढं दारातच सांगायचं. आईवडिलांना आधी माहीत नसेल तर भिडेपोटी ते ‘बघू, कळवतो’ म्हणतात आणि तो कळवण्याची वाट बघत बसतो.

आणि तुम्ही ‘नाही’ म्हटलेलं नाही असं लिहिता, तेही पूर्ण खरं नाही. ब्रिटनमधल्या सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ मध्ये नकाराच्या रोजच्या बोलण्यावर लिहिलं होतं. लोक रोजच्या व्यवहारात ‘नाही’ हा शब्द जवळपास वापरतच नाहीत. थांबतात, आढेवेढे घेतात, कारण देतात, आणि समोरच्याला ते नकार म्हणून बरोबर कळतं. आपल्याकडेही हळदीकुंकवाला बोलावल्यावर जी ‘बघते, जमलं तर येते’ म्हणाली, तिच्या वाटचं वाण कुणी वेगळं काढून ठेवत नाही. तुम्ही उत्तरं देणं बंद केलंत, तो नकारच होता. तोंडावर नकार देणं किती अवघड जातं हे विचारणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या व्हनेसा बोन्स आणि लॉरेन डिव्हिन्सेंट यांनीही २०१८ मध्ये दाखवलं आहे. त्यामुळे स्वतःला बोल लावू नका.

तरीही सरळ ‘नाही’ आता लेखी जायला हवं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, म्हणजे पाठलागाचं, पूर्वीच्या दंड संहितेतलं ३५४-ड, त्यात बाईने स्पष्टपणे अनिच्छा दाखवूनही वारंवार संपर्क साधणं हा गाभा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यातही ‘नकोसं’ वर्तन हाच कणा आहे. आणि जो खरंच साधा असेल त्याच्याशी न्यायानं वागायचं तरी हाच एक मार्ग.

मेसेज साधारण असा : ‘तुझ्या मनात माझ्याबद्दल मैत्रीपलीकडचं काही असेल, तर माझ्याकडून नाही. हे बदलणार नाही. मला कामाव्यतिरिक्त मेसेज किंवा फोन करू नकोस, स्टेशनवर माझ्यासाठी थांबू नकोस आणि माझ्या घरी कुणाला पाठवू नकोस. कामाचं असेल ते ऑफिसच्या ईमेलवर.’

यात कारण दिलेलं नाही, ते मुद्दाम. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो. ‘सध्या कामाचं टेन्शन आहे’ म्हणालात तर तो टेन्शन संपायची वाट बघेल. ‘घरचे ऐकणार नाहीत’ म्हणालात तर घरच्यांना पटवायला येईल. ‘माझं ठरलंय’ हे खोटं सांगितलंत तर तो कुणाशी ते शोधेल, आणि उद्या ऑफिसच्या तक्रार समितीसमोर तुमचंच एक वाक्य खोटं निघेल. ‘सॉरी’ नको, हात जोडल्याची किंवा हसऱ्या चेहऱ्याची खूण नको, ‘तू चांगला मुलगा आहेस पण’ तर नकोच नको, त्याला पहिला अर्धाच ऐकू जातो. ‘दादा’ म्हणणं किंवा राखी बांधणं हा आपला लाडका उपाय. तो चालत नाही. त्यातून नवं नातं तयार होतं आणि बहिणीची चौकशी करायला भावाला मुभाच मिळते.

मेसेज कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पाठवा, शुक्रवारी संध्याकाळी नाही आणि त्याच्या रात्रीच्या मेसेजला उत्तर म्हणूनही नाही. पाठवल्यावर काही तास तुमच्या आजूबाजूला माणसं असावीत. पाठवून झालं की फक्त एका मैत्रिणीला त्याचा स्क्रीनशॉट द्या.

यानंतर त्याच्याशी एक अक्षरही बोलायचं नाही. लोक नेमके इथे चुकतात. तो लांबलचक माफीनामा लिहील, ‘एकदाच भेटून बोलू’ म्हणेल, मग चिडेल. वीस मेसेज सोडून एकविसाव्याला ‘प्लीज थांब’ असं उत्तर दिलंत, तर एकवीस मेसेज केले की उत्तर मिळतं एवढंच तो शिकतो. समोर येऊन ‘मला क्रीपी का म्हणालीस’ विचारलं तर एकदाच, लोकांत, सपाट आवाजात : ‘तो शब्द पसरायला नको होता. जे थांबवायचं ते मी लिहून दिलंय.’ आणि निघायचं. ‘मी जिवाचं काही करून घेईन’ असं काही आलं तर ते थट्टेवारी नेऊ नका, पण स्वतः भेटायलाही जाऊ नका. त्याच्या टीममधल्या कुणाला किंवा घरच्यांना कळवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, तातडीचं वाटलं तर ११२ ला फोन करा. जीव वाचवायचा तो अशा मदतीने, होकार देऊन नाही.

ब्लॉक करायचं, पण आधी पुरावा काढून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, त्यामुळे स्क्रीनशॉट त्याच दिवशी. त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही, म्हणून कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसेल असा वेगळा एक स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याचं सेटिंग चालू असेल तर बंद करा. फोन बदलायचा विचार असेल तर जुना विकू नका, कारण डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा. तुमची सुरुवातीची हसरी उत्तरं, रिक्षाचा तो दिवस, सगळं चॅटमध्ये तसंच राहू द्या. ते कापलंत तर तो पूर्ण चॅट पुढे करेल आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येईल. आधी मैत्रीने बोलणं याचा अर्थ पुढच्या सगळ्याला परवानगी असा होत नाही, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाहीच.

व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं की माणूस दुसरी फट शोधतो. इन्स्टाग्राम प्रायव्हेट करून त्याला फॉलोअरमधून काढा, स्टोरीवर लोकेशन टाकायचं ते तिथून निघाल्यावर. यूपीआय विसरू नका. एक रुपया पाठवून सोबत निरोप लिहिण्याची युक्ती सर्रास चालते. अ‍ॅपमध्ये तिथेही ब्लॉक करता येतं, आणि तो व्यवहार म्हणजे तारखेसकट नोंदच.

आणि एक साधी वही करा. नोंद त्याच रात्री, अशी : ‘मंगळवार, संध्या. ७.१०, घाटकोपर, कल्याणच्या दिशेचा स्लो फलाट, महिला डब्याच्या खुणेपाशी. तो माझ्या मागे साधारण चार फुटांवर. बोलला नाही. मी डब्यात चढले, तो फलाटावरच राहिला. सोबत कुणी नाही.’ भीती वाटली तर तेही एका वाक्यात लिहा, पण घटनेनंतर. ‘नेहमी’, ‘सतत’, ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे शब्द वहीत येऊ देऊ नका. गेल्या महिन्यातल्या तीन तारखा आठवत नसतील तर मेट्रोच्या कार्डाचे किंवा तिकिटांचे व्यवहार, त्या दिवशीचे मैत्रिणीला केलेले मेसेज, फोनची लोकेशन हिस्टरी यांवरून जुळवा. नाहीच जुळली तर ‘दुसऱ्या आठवड्यात, बहुधा गुरुवार’ असं प्रामाणिकपणे लिहा.

मेसेजनंतरही तो थांबला नाही, तर ऑफिसची अंतर्गत समिती, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी. वर म्हटलेल्या त्याच २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. समिती स्थापन केल्याचा आदेश ठळक जागी लावायचा असतो. पँट्रीजवळच्या बोर्डावर बघा, नसेल तर एचआरला ईमेलने नावं विचारा. तोंडी ‘मी बघते, मी बोलते त्याच्याशी’ यावर समाधान मानू नका. ती तक्रार धरली जात नाही आणि त्याला मात्र आगाऊ कळतं. लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत त्याला जाते, त्याचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. वकील दोघांनाही आणता येत नाही. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा लेखी मागता येते. आपसात मिटवायचं असेल तर तुमच्या विनंतीवरूनच, आणि पैसे घेऊन नाही. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी, असं हा कायदा म्हणत नाही. कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. चकाला मुंबई उपनगरात येतं, त्यामुळे वांद्रे पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय.

एक अडचण आधीच सांगतो. कंपनीची बस कायद्याने कामाच्या जागेत येते, पण मेट्रो आणि घाटकोपरचा फलाट त्यात बसवताना वाद होऊ शकतो. तरी तक्रारीत ते लिहाच, वर्तन सलग आहे हे कळायला. फलाटाची खरी वाट मात्र पोलिसांची. तिथल्या तिथे मदत हवी असेल तर रेल्वे पोलीस १५१२, शहरात १०३ किंवा ११२. कलम ७८ दखलपात्र आहे, तेव्हा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन पाठवायला लागले तर गुन्हा नोंदवायचा आग्रह धरा. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो जामीनपात्र आहे. म्हणजे तो त्याच संध्याकाळी घरी असू शकतो, हे धरून चाला. बऱ्याच जणी आधी लेखी अर्ज देतात आणि पोलीस त्याला बोलावून समज देतात. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. तुमच्या भावाने किंवा मित्रांनी ‘समजावायला’ जाऊ नये. एक चापट बसली तरी उलटी तक्रार होते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

इन्स्टाग्रामवर त्याचं नाव टाकून लिहायचा मोह होईल. थांबा. बदनामीचं कलम, न्याय संहितेत ३५६, तिथे लागू शकतं. समितीकडे किंवा पोलिसांकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला त्यातच अपवाद ठेवलेला आहे. तक्रार दाखल झाल्यावर नावं आणि तपशील बाहेर फोडायला कायद्याचीच मनाई आहे.

त्या दोन मैत्रिणींना आजच भेटून सांगा की हा विषय कँटीनमध्ये बंद. उद्या त्या साक्षीदार होऊ शकतात, आणि जी महिनाभर हसत हसत किस्सा सांगत फिरली तिची साक्ष हलकी होते. कुणी विचारलंच तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच बोलायचं.

आणि मेसेज मिळाल्यावर तो थांबला, तर? असंही पुष्कळदा होतं. मग समितीकडे जायचं की नाही हे तुमच्यावर. घडलं ते घडलंच आहे आणि तीन महिन्यांची मुदतही चालूच आहे, पण न गेलात तर त्यात कमकुवतपणा काही नाही. त्याची माफी मागायची गरज नाही, त्याच्याशी पुन्हा चहा प्यायचीही नाही. मीटिंगमध्ये कामापुरतं बोला. आणि मजल्यावर कुणी त्याला त्या नावाने चिडवताना दिसलं, तर ‘पुरे आता, तो विषय संपलाय’ एवढं म्हणा. ते तुमच्या तोंडून आलं तर लवकर थांबेल. वही मात्र मुदत संपेपर्यंत कपाटात राहू द्या.